जिलोंच्या मोजणीतला एक दिवस

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी त्या दिवसाची अर्धी वाट बाकीच होती. दार्मी पुढं चालली होती, तिच्या हातात काठीचं एक टोक. दुसरं टोक मागून येणाऱ्या तिच्या सासऱ्यांच्या, जिलोंच्या हातात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याचे गुडघे गेले म्हणून सून ओढून नेतेय. लोकांना तसंच वाटू द्यायचं, हे दोघांनी कधी बोलून ठरवलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. गेले होते ते डोळे.

"किती वारुळं झाली?" जिलोंनी विचारलं.

"मी नाही मोजली."

"मी मोजतोय. तू काठी बाजूला वळवलीस की एक धरतो. एकेचाळीस झाली."

"त्यातल्या दोन वेळा शेण होतं, मामंजी."

"मग एकोणचाळीस," ते म्हणाले आणि चालत राहिले.

दार्मीला एरवी हसू आलं असतं. आज आलं नाही. काल संध्याकाळपासून तिच्या छातीवर धोंडा होता आणि तो घेऊन ती पहाटेपासून चालत होती. पाऊस लांबला होता. तांबड्या मातीवर गवताची काडी नव्हती, बाभळीखाली सावलीही धड पडत नव्हती. दोन दिवसांची वाट, पाठीला दुधाचं एक भांडं, आणि उद्या पहाटे एलेमाच्या वस्तीवर त्याच्या मुलाचं नाव ठेवायचं. एलेमाच्या बायकोला, तुमेला, अकरा वर्षांनी मूल झालं होतं. पहिला मुलगा म्हणजे गुब्बिसा करायचा. मोठी झोपडी बांधायची, चार दिशांचे पाहुणे बोलवायचे आणि दिवस पाहून नाव ठेवायचं. तो दिवस जिलोंनी काढून दिला होता. गुरं राखून जगणाऱ्या बोरानांच्या त्या सगळ्या टापूत दिवस काढून देणारे आता ते एकटेच उरले होते.

हे दिवस सत्तावीस. प्रत्येकाला नाव. आठवडा नाही की वार नाही. सत्तावीस संपले की पुन्हा पहिला. आणि हे सगळं चंद्रावर चालतं. आज चंद्र कृत्तिकांपाशी, उद्या रोहिणीपाशी, परवा मृगाकडे, पुढं व्याधाकडे. ज्या ताऱ्यापाशी तो, त्या ताऱ्याचा दिवस. पण चंद्र काही सत्तावीस दिवसांत नेमका जागेवर येत नाही, थोडा मागं राहतो. मागं राहत राहत तीनेक महिन्यांत एक दिवसाचं अंतर पडतं. मग मोजणाऱ्यानं एक दिवस दोनदा धरायचा. कधी धरायचा ते कुठं लिहिलेलं नाही. बघायचं आणि ठरवायचं. एलेमाच्या घराण्याला आर्बचा दिवस लागतो, त्याचं आणि त्याच्या बापाचं नाव आर्बलाच ठेवलेलं. आर्बच्या आधीचा अल्गाजिमा त्या घराला चालत नाही. त्या दिवशी ते लोक वासरूसुद्धा दावणीला बांधत नाहीत.

जिलो हे त्यांच्या वडिलांकडून, तादींकडून शिकले. सात वर्षं लागली. तादी रोज संध्याकाळी गुरांच्या कुंपणाबाहेर कातडं अंथरून पोराला उताणं झोपवायचे आणि विचारायचे, सांग, आज काय, सत्तावीस दिवसांनी काय, पुढच्या वर्षी याच दिवशी चंद्र केवढा असेल. उत्तर चुकलं तर मारायचे नाहीत. बरोबर काय तेही सांगायचे नाहीत. "चुकलास. आता महिनाभर चुकीतच राहा," एवढंच म्हणायचे. मग महिनाभर थांबायचं, चंद्र परत त्या ताऱ्यापाशी येऊ द्यायचा आणि आपलं आपण बघायचं कुठं घसरलो ते. जिलो म्हणत, मार परवडला असता.

एकदा दूर देशाचे दोन लोक दुर्बीण आणि वह्या घेऊन आले होते, तेव्हा दार्मी नुकतीच सून म्हणून आलेली. तीन महिने राहिले. जिलोंनी आधी सांगायचं, त्यांनी नंतर मोजायचं, आणि दर वेळी दोन्ही जुळायचं. जाताना ते म्हणाले, हे फार जुनं शास्त्र आहे, हजारो वर्षांचं. तिकडं मोठ्या तलावाजवळ दगड उभे आहेत, ते याच ताऱ्यांच्या रोखानं लावलेत असं काही जण म्हणतात. जिलो म्हणाले, "लावले असतील. माझ्या बापाला दगड लागत नव्हते." पाहुण्यांनी तेही वहीत लिहून घेतलं.

पुढं जिलोंनी आपल्या थोरल्याला, अदीला शिकवायला घेतलं. अदी दार्मीचा नवरा. पाच वर्षं शिकला आणि दुष्काळाच्या साली गुरं घेऊन गेला तो ताप घेऊन परत आला, आठ दिवसांत गेला. धाकटा रोबा मोयाले शहरात ट्रक चालवतो. त्याला आकाशाकडं बघायला सवड नाही, त्याच्या मोबाइलवर तारीख दिसते. मग जिलोंचे डोळे अधू होऊ लागले. आधी बारीक तारे गेले, मग मोठे, मग चंद्रच गेला. सहा वर्षं झाली. तेव्हापासून दर महिन्याच्या ठरावीक संध्याकाळी दार्मी अंगणात उभी राहते आणि सांगते, चंद्र इथं आहे, अमुक ताऱ्यापासून दोन बोटं वर. मोजणी ते करतात. ही गोष्ट दोघांपलीकडं कुणाला माहीत नव्हती. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला धूसर का होईना, दिसतं.

आणि काल संध्याकाळी, वाटेतल्या मुक्कामी, चंद्र रोहिणीपाशी असायला हवा होता, तर तो कृत्तिकांना चिकटून होता. आभाळ स्वच्छ. चूक होण्यासारखं काही नव्हतंच.

"कुठं आहे?" जिलोंनी विचारलं होतं.

"असायचा तिथंच आहे," दार्मी म्हणाली होती.

पहाटे त्यांनी नेहमीसारखी प्रार्थना म्हटली. "वाका, दिवस शांतीचा दे." वाका म्हणजे देव आणि वाका म्हणजे आकाशही; त्यांच्या बोलीत दोन्हीला शब्द एकच. एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं मागोमाग 'शांतीचा दे' म्हणायचं, अशी ती प्रार्थना. दार्मीच्या तोंडून ते नीट निघेना. जिथं बघून आपण खोटं बोललो, तिकडंच तोंड करून मागायचं कसं?

दुपारी एका बाभळीखाली ते टेकले. दार्मीनं भांड्याच्या झाकणात दूध ओतलं, भांड्याला दिलेल्या धुरीचा वास आला. जिलोंनी दोन घोट घेतले.

"मामंजी, काल चंद्र कृत्तिकांपाशी होता."

त्यांनी झाकण खाली ठेवलं नाही. उरलेलं दूध संपवलं, मग ठेवलं.

"तू म्हणालीस, असायचा तिथं आहे."

"म्हणाले."

"आणि गेल्या महिन्यात?"

ते इतक्या लवकर तिथवर पोचतील असं तिला वाटलं नव्हतं. "गेल्या महिन्यात ढग होते. मला काहीच दिसलं नव्हतं."

"रोहिणी म्हणाली होतीस."

"हो. त्याच्या आधीच्या दोन संध्याकाळी तुम्ही मला चंद्र मावळेपर्यंत उभं ठेवलं होतं, ढग फाटतील म्हणून. तिसऱ्या दिवशी मी विहिरीवरून तीन खेपा केल्या होत्या. वासरू मेलं होतं. मला फक्त आडवं व्हायचं होतं."

"हं."

"हे कारण नाही होत."

"नाहीच होत. मग सांगतेस कशाला?"

"तुम्हाला ठाऊक असावं म्हणून."

जिलो मनात मोजायला लागले. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, पुढं गेला, मागं आला, परत गेला. दार्मीनं रागाची तयारी ठेवली होती. राग आला असता तर बरं झालं असतं. ते नुसते दमल्यासारखे दिसत होते, वाटेपेक्षा जास्त.

"माझ्या मोजणीनं तेव्हा एक दिवस दोनदा धरायची वेळ आली होती," ते म्हणाले. "मी धरणारच होतो. तू रोहिणी म्हणालीस, म्हटलं, मी म्हातारा झालो, घसरलो असेन. डोळ्यानं बघणारं माणूस सांगतंय. म्हणून सोडून दिलं."

दार्मीनं झाकण भांड्यावर लावलं. खोटं बोलल्याचं ओझं ती वाहत होतीच, पण त्यांनी तिच्या शब्दावर स्वतःची मोजणी टाकून दिली हे तिला आता कळत होतं.

"मग उद्या आर्ब नाही," ती म्हणाली.

"उद्या अल्गाजिमा. नेमका."

"कुणाला कळणार आहे, मामंजी? मोजणारे तुम्ही एकटे."

"तेच तर झालंय. दुसरा कुणी असता तर त्यानं मला गेल्याच महिन्यात धरलं असतं. मी भांडलो असतो, हरलो असतो, आणि मिटलं असतं." ते काठी चाचपत उठले. "अदी असता तर भांडला असता. चल. संध्याकाळच्या आत पोचायला पाहिजे."

"तिथं काय सांगणार?"

"चालताना बघतो. बसून विचार केला तर इथंच झोप लागेल मला."

उन्हं कलताना ते वस्तीवर पोचले. मोठी झोपडी बांधून तयार होती. पाहुण्यांची गुरं, पोरं, बायकांचा गलका. झाडाखाली म्हातारे बसले होते. शांती आहे ना, गुरं शांत ना, पोरं शांत ना, वाट शांत होती ना, असं सगळं विचारून झालं. दार्मी बायकांच्या बाजूला, पण ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसली.

"जिलो, तुमची सून बरी हो तुम्हाला एवढं चालवत आणते," गोदाना म्हणाला. हा जिलोंच्याच वयाचा, जिभेला तिखट. "आमची सून आम्हाला वेशीपर्यंतसुद्धा सोडायला येत नाही."

"तिला भीती वाटत असेल, तू तिच्याबरोबरच परत येशील म्हणून."

सगळे हसले. हसणं ओसरू दिलं आणि जिलो म्हणाले, "एलेमा, उद्या नाव ठेवायचं नाही. परवा."

एलेमाला आधी ती चेष्टाच वाटली. "आर्ब उद्या आहे ना?"

"उद्या अल्गाजिमा. आर्ब परवा. माझी मोजणी एक दिवस पुढं गेली होती."

"तुमची?" गोदाना म्हणाला.

"माझी."

"म्हणजे चुकली."

"चुकली."

कुणीतरी मागून म्हणालं, रोबाला फोन लावायचा होता, त्याच्या मोबाइलात असतं सगळं. यावर थोडेच हसले. दार्मीचं तोंड उघडलं होतं, पण म्हाताऱ्यांच्या बैठकीत सुनेनं उठून बोलायची रीत नाही, आणि जिलोंनी तिच्या दिशेनं हात किंचित खाली दाबला. बस, असा. तिला तो बरोबर दिसला.

एलेमा रागावला, पण आवाज न चढवता. त्यामुळं ते जास्त लागलं. "जिलो, परवा माझ्या गुरांची विहिरीवर पाळी आहे. तीन दिवसांची तहान घेऊन उभी आहेत ती. विहिरीत उतरायला आठ माणसं लागतात, एकाच्या खांद्याच्या वर एक. ती आठही इथं गाणी म्हणत बसणार. पाळी गेली की अजून तीन दिवस. दिवस मी निवडला नव्हता. तुम्ही दिलात, मी घेतला."

"खरं आहे."

"मग?"

"मग काही नाही. उद्या अल्गाजिमा आहे, एवढंच मी सांगू शकतो. करायचं काय ते तू ठरव."

झोपडीच्या दारातून तुमेचा आवाज आला. मांडीवर पोर होतं, तिनं डोकंही वर केलं नव्हतं. "अकरा वर्षं मी थांबले तेव्हा तुमच्या गाईंना कुणी विचारलं नव्हतं. एक दिवस थांबेल माझं पोर. पण अल्गाजिमाला त्याचं नाव मी ठेवू देणार नाही."

 एलेमा मातीकडं बघत राहिला.

गोदाना खाकरला. "माझ्या गुरांची पाळी उद्या आहे. ती तू घे, तुझी परवाची मला दे. माझी माणसं तशीही गाण्यात बेसूर असतात, विहिरीतच बरी."

तेवढ्यावर मिटलं, पण सगळ्यांचं मिटलं नाही. दोन कुटुंबांची स्वतःची पाळी होती, त्यांना थांबता येईना. त्यांनी तिथल्या तिथं गुरं वळवली. त्यांतला एक म्हातारा जाताना जिलोंजवळ थांबला आणि वाईट वाटून म्हणाला, "जिलो, आता मोजणं सोडा. पुष्कळ केलंत."

"बघतो," जिलो म्हणाले.

सूर्य बुडाला आणि पश्चिमेला चंद्राची कोर दिसायला लागली, शेजारी रोहिणीचा तांबूस ठिपका. अल्गाजिमाच्या आधीच्या सोर्साचा दिवस तो. म्हणजे उद्या अल्गाजिमा, परवा आर्ब. गोदानानं उभं राहून कपाळावर हात धरून पाहिलं. "हा बघा, रोहिणीपाशी. बरोबर बोललात. बघा ना तुम्हीच."

जिलोंनी मान वर केली. गोदाना त्यांच्या डाव्या हाताला उभा होता, आवाज तिकडून आला, म्हणून त्यांनी तोंड तिकडं फिरवलं. तिकडं चंद्र नव्हता. तिकडं गुरांचं कुंपण होतं आणि त्यावर वाळत घातलेली कातडी. "हो," ते म्हणाले. "दिसला."

गोदानानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा चंद्राकडं. मग तो खाली बसला आणि पायातला काटा काढल्यासारखं करत राहिला. दार्मीनं हे सगळं पाहिलं. त्याला कळलं की नाही, ते तिला सांगता येईना.

जेवण म्हणून दूध आणि तुपात तळलेले कॉफीचे दाणे आले. दार्मीनं सासऱ्यांच्या ओंजळीत दाणे घातले आणि त्यांच्याजवळ बसली. पाय ठणकत होते. त्यांचेही ठणकत असणार, ते एक पाय लांब करून पोटरी दाबत होते. मोठ्या झोपडीत कुणीतरी गाणं सुरू केलं आणि उद्या नाही, परवा, असं कुणीतरी सांगितल्यावर ते थांबलं.

"तुम्ही कशाला स्वतःवर घेतलंत?" दार्मी म्हणाली. "मी सांगितलं असतं."

"तिथं नाही. तिथं सांगितलं असतंस तर पोराचं नाव राहिलं बाजूला, तुझ्यामाझ्यावरच पंचायत बसली असती. थकलेली माणसं होती. मीही थकलोय." त्यांनी एक दाणा चघळला. "पण तिथं न सांगणं वेगळं आणि कुठंच न सांगणं वेगळं."

दार्मीनं आणखी दोन दाणे त्यांच्या ओंजळीत घातले.

"गेल्या महिन्यात मी तीन जणांना दिवस दिले," ते म्हणाले. "जातानीच्या मुलीचं लग्न. हालूच्या घरची श्राद्धाची गाय. आणि त्या दक्षिणेच्या वस्तीनं पावसासाठी बळी दिला, तो. तिन्ही एक दिवस आधी झाली. लग्न मोडायचं नसतं, पण चुकलेल्या दिवसाची शांती करायची असते, त्यांचं ते करतील. त्यांना कळायला पाहिजे."

"हो."

"मला आता चालवत नाही, दार्मी. परवा नाव ठेवून झालं की मला इथंच राहू दे थोडे दिवस, गोदाना खायला घालेल, तेवढेच टोमणेही मारेल. तू जा. तीन वस्त्या आहेत, पाचसहा दिवस लागतील तुला. दमशील, मला ठाऊक आहे."

"जाईन. काय सांगू? तुमची मोजणी चुकली म्हणून?"

"नाही." त्यांनी अंदाजानं तिच्याकडं तोंड केलं, या वेळी बरोबर. "सांग की जिलोला सहा वर्षं झाली, काही दिसत नाही. चंद्र मी बघते. त्या संध्याकाळी ढग होते आणि मी बघितलं नव्हतं. असंच सांग, यातलं काही गाळू नको. हसले तर हसू दे. आणि मग त्यांनी विचारलं, पुढचा चांगला दिवस कोणता, तर माझं नाव घेऊन परत येऊ नको. सहा वर्षं माझी मोजणी ऐकतेयस; तिथंच अंगणात उभी राहा, वर बघ, आणि तूच काढून दे."